अमेरिकेतली शालेय कुस्ती: रेफरीचा निर्णय पटला नाही तर काय करायचं?

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या हायस्कूलांच्या जिममध्ये मॅट अंथरल्या जातात, आणि न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत काही मराठी आई-बाबा पहिल्यांदाच त्या ब्लीचर्सवर, म्हणजे प्रेक्षकांच्या बाकांवर, येऊन बसतात. मुलगा किंवा मुलगी नववीत गेलेली असते आणि हौसेनं रेसलिंगला नाव दिलेलं असतं. पहिले दोन-तीन सामने टाळ्या वाजवण्यात जातात. मग एके दिवशी आपलं पोर हातातली कुस्ती हरतं, रेफरी समोरच्याचा हात वर करतो, आणि आपल्याला मनापासून वाटतं की हा अन्याय झाला.

त्या क्षणी कोणी बोलायचं, कुठे, काय आणि कधी, हे आधी माहीत नसेल तर आपण नेमकं चुकीचं करून बसतो. मी शाळेच्या स्कोअर टेबलवर मदतीला बसते. तिथून वाद फार जवळून दिसतात, म्हणून हे लिहिते आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: वादाचे दोन वेगळे रस्ते आहेत. निर्णय चुकला असेल तर तो त्याच वेळी, मॅटजवळ, कोचमार्फत आणि फक्त नियमाच्या आधारावर सोडवायचा. रेफरीचं वागणं चुकलं असेल तर ते नंतर, लेखी, शाळेमार्फत न्यायचं आणि शेवटपर्यंत सोडायचं नाही. या दोन्हींची सरमिसळ झाली की दोन्हीकडे हार होते.

पहिली पायरी: आपण कुठली कुस्ती बघतोय ते ओळखा

निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात, असं माझं मत आहे. आपल्या डोळ्यांत गावच्या फडातली निकाली कुस्ती असते, नाहीतर ऑलिंपिकची फ्रीस्टाइल. अमेरिकेतली शालेय कुस्ती या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. तिला फोकस्टाइल म्हणतात. तिचे नियम एनएफएचएस ही राष्ट्रीय संस्था लिहिते आणि प्रत्येक राज्याची क्रीडा संघटना ते थोड्याफार फरकानं राबवते. न्यू जर्सीत ती संघटना एनजेएसआयएए, पेनसिल्व्हेनियात पीआयएए, कॅलिफोर्नियात सीआयएफ.

सगळ्यात मोठा फरक चितपटीचा. आखाड्यात पाठ टेकली की संपलं. फ्रीस्टाइलमध्येही दोन्ही खांदे क्षणभर नीट दाबले गेले की कुस्ती सुटते. इथे मात्र दोन्ही खांदे किंवा खांद्यांची पाती सलग 2 सेकंद मॅटला टेकलेली राहावी लागतात. भारतातून आलेले आजोबा ब्लीचर्सवरून "अहो, चीत झाला की!" म्हणून उठून उभे राहतात आणि रेफरी पोटावर आडवा होऊन खांद्याखाली बघतच राहतो, तो यामुळे. तो आंधळा नसतो, त्याचे 2 सेकंद भरलेले नसतात. ते 2 सेकंद फेरीचा बझर वाजायच्या आत भरायला हवेत, हेही लक्षात ठेवा.

दुसरा फरक ताब्याचा. फोकस्टाइल सगळी ताब्यावर चालते. आपल्या पोरानं सुरेख दुहेरी पट काढला (दोन्ही पाय धरून खेचले), समोरच्याला खाली आणलं, तरी लगेच गुण मिळतोच असं नाही. समोरच्याला प्रतिकाराची संधी मिळून गेल्यावरही ताबा टिकला, तरच टेकडाउन. तो क्षण एखाद्या सेकंदाचा असतो, आणि तो दिसण्यावर सगळं अवलंबून असतं. नुसती पाठ मॅटकडे वळवली म्हणून फ्रीस्टाइलसारखे गुण इथे मिळत नाहीत. ताबा ठेवून पाठ धोक्यात धरून ठेवावी लागते.

गुणांचं कोष्टक 2024-25 च्या मोसमापासून बदललंय, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून शिकलेले पालक गोंधळतात. टेकडाउनला आता 3 गुण आहेत, पूर्वी 2 होते. खालून सुटलात तर 1, खालून सुटून वर ताबा मिळवलात तर 2. पाठ धोक्यात धरून ठेवली तर 2 सेकंदांना 2, 3 सेकंदांना 3 आणि 4 सेकंदांना 4. धोक्यात म्हणजे दोन्ही खांदे मॅटपासून 4 इंचांच्या आत, किंवा एक खांदा टेकलेला आणि दुसरा 45 अंश किंवा त्याहून कमी कोनात. रेफरी हात हलवत मोजत असतो, तो आकडा हाच. 15 गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते.

त्याच वर्षी हद्दीचा नियमही बदलला. दोघांपैकी कोणाच्याही शरीराचा एक जरी भाग रेषेवर किंवा आत टेकलेला असेल तरी कुस्ती आतच धरली जाते. या नियमावर पुढे येतेच, कारण हल्लीचे बरेचसे वाद मॅटच्या कडेलाच होतात.

दुसरी पायरी: नियम चुकला की नजर?

सगळ्या लेखातलं एवढंच नीट कळलं तरी पुरे. रेफरीच्या चुका दोन प्रकारच्या असतात. एक, त्याला जे दिसलं त्यावरून त्यानं निर्णय दिला आणि आपल्याला वेगळं दिसलं. ताबा आला की नाही, 2 सेकंद झाले की नाही, पोरगा मुद्दाम वेळ काढतोय की दमलाय, हे सगळं नजरेचं. या निर्णयाला आव्हान नाही. दोन, त्याला दिसलं बरोबर, पण त्यावर नियम चुकीचा लावला. याला आव्हान आहे, आणि ते मान्य होऊन निर्णय बदलतातही.

कडेचं उदाहरण घेऊ. शनिवारची टूर्नामेंट, तिसरी फेरी, आपलं पोर 5-6 नं मागे. त्यानं एकेरी पट धरला, दोघं घरंगळत रेषेपाशी गेले, ते वर आलं आणि ताबा मिळाला असं वाटलं. रेफरीनं शिटी वाजवून "बाहेर" अशी खूण केली. टेकडाउनचे 3 गुण गेले. ब्लीचर्सवर आरडाओरडा.

कोच टेबलापाशी जातो, रेफरीला बोलावतो आणि शांतपणे विचारतो, "सर, तुम्हाला काय दिसलं?" रेफरी म्हणाला, "दोघांचंही सगळं अंग रेषेच्या बाहेर होतं," तर विषय संपला. ती त्याची नजर. पण तो म्हणाला, "वरच्याचे दोन्ही पाय बाहेर होते, म्हणून थांबवलं. खालच्याचा हात आत होता, पण तो धरत नाहीत," तर नियम चुकलाय. खालच्याचा हात आत टेकलेला असेल तर कुस्ती आतच आहे. आता कोच नियमपुस्तिकेतलं कलम दाखवू शकतो आणि रेफरीला ते ऐकावं लागतं.

चांगले कोच म्हणूनच कधी "ते टेकडाउन होतं" असं म्हणत नाहीत. ते आधी रेफरीला काय दिसलं ते त्याच्या तोंडून ऐकतात आणि मग नियमाचा प्रश्न विचारतात. आपल्या कोचला हे जमतं का, हे पालकांनी मोसमाच्या सुरुवातीलाच बघून ठेवावं.

नियमाच्या बाजूला पडणारे आणखी काही प्रसंग ओळखू येण्यासारखे आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला वर, खाली की उभ्यानं सुरू करायचं हे निवडण्याची पाळी एकेकाची असते. ती चुकून एकालाच दोनदा दिली गेली तर ती सरळ चूक आहे. तेवढा वेळ रद्द करून फेरी पुन्हा खेळवतात. घड्याळ सुरूच झालं नाही, दंडाचे गुण क्रमाप्रमाणे दिले नाहीत, बोर्डावर गुण भलत्याच रंगाला चढले, हेही त्यातच. बेकायदा पकड, नियमभंग किंवा अनावश्यक दांडगाईसाठी दंडाचा क्रम 1, 1, 2 आणि मग बाद. वेळ काढण्यासाठी आधी ताकीद, मग 1, 1, 2, मग बाद. हे दोन क्रम फोनमध्ये लिहून ठेवा.

आपटण्याचा नियम वेगळा सांगायला हवा, कारण तिथे पोराच्या मानेचा प्रश्न असतो. समोरच्याला उचललंत की त्याला सुखरूप खाली आणायची जबाबदारी उचलणाऱ्याची. जोरात आपटलं तर तो दंड. आणि बेकायदा पकडीमुळे किंवा आपटण्यामुळे लागलेला खेळाडू ठरलेल्या वेळेत पुढे खेळू शकला नाही, तर तो हरत नाही, जिंकतो. हे माहीत नसल्यानं काही पालक पोराला "ऊठ, खेळ, नाहीतर हरशील" म्हणून ओरडतात. कृपा करून असं करू नका. तो निर्णय ट्रेनर (दुखापती बघणारा शाळेचा माणूस) आणि डॉक्टरांचा.

तिसरी पायरी: टेबलापाशी कोण, कधी, कसं

बोलायचा हक्क फक्त कोचला आहे. आई-बाबांना नाही, क्लबच्या खासगी कोचला नाही, मोठ्या भावालाही नाही.

पद्धत अशी. कोच मॅटवर जात नाही, स्कोअर टेबलाकडे जातो आणि रेफरीशी बोलायचंय असं टेबलवरच्या लोकांना सांगतो. मॅटवर कुणाची पाठ धोक्यात असेल किंवा डाव रंगात असेल तर रेफरी लगेच थांबवत नाही. योग्य वेळी थांबवून टेबलापाशी येतो. बोलणं तिथेच, दबक्या आवाजात, थोडक्यात. नियम चुकला होता असं ठरलं तर दुरुस्ती होते. कोच नियमाच्या नावाखाली नजरेच्या निर्णयावर हुज्जत घालतोय असं रेफरीला वाटलं, तर कोचला गैरवर्तनाचा दंड बसतो. आधी ताकीद, पुढे टीमचे गुण कापले जातात, आणि तरी थांबला नाही तर जिमबाहेर. तुमच्या पोराच्या एका टेकडाउनसाठी अख्ख्या टीमचा ड्युअल, म्हणजे दोन शाळांमधला सांघिक सामना, हातचा जाऊ शकतो. म्हणून कोच कधीकधी उठत नाही तेव्हा त्याला पोराची काळजी नाही असं समजू नका.

वेळ फार थोडा असतो. पोर मॅट सोडून गेलं आणि त्या मॅटवर पुढची जोडी उभी राहिली की दुरुस्तीचा दरवाजा जवळपास बंद होतो. घरी जाऊन रात्री ईमेल लिहून निकाल बदलत नाही.

मोबाइलवरच्या व्हिडिओचं काय? फ्रीस्टाइलमध्ये कोच मॅटवर मऊ ठोकळा टाकून व्हिडिओ बघायची मागणी करतो, ते आपण टीव्हीवर पाहिलेलं असतं. शाळेच्या नेहमीच्या सामन्यांत तशी सोय नाही. फोन घेऊन रेफरीपाशी धावणं म्हणजे स्वतःला बाहेर काढायची विनंती करणं. राज्य पातळीच्या शेवटच्या फेऱ्यांसाठी काही वेगळी तरतूद आहे का, ते आपल्या राज्य संघटनेच्या त्या वर्षीच्या नियमावलीत बघावं. व्हिडिओ मात्र जरूर काढा. पोराला शिकायला तो लाख मोलाचा असतो, आणि वागण्याची तक्रार करायची वेळ आली तर पुरावाही तोच.

आणि टेबलवर कोण बसतं ते बघून ठेवा. यजमान शाळेचा गुणलेखक अधिकृत असतो, पाहुण्या शाळेचा त्याच्या शेजारी बसतो आणि दोघांनी आकडे सतत ताडून बघायचे असतात. फरक पडला की तिथल्या तिथे रेफरीला सांगायचं. या कामाला शाळांना नेहमी माणसं कमी पडतात. तुम्ही पाहुण्या टीमच्या वहीवर बसलात तर महिनाभरात खेळ असा कळेल, की ब्लीचर्सवरून चार वर्षांत कळणार नाही.

चौथी पायरी: ब्लीचर्सवरचे आपण

ओरडा, नाव घ्या, शिट्ट्या मारा, "पट काढ, पट काढ!" असं मराठीत सांगा. त्याला कुणाची हरकत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या टीमला "पट" हा शब्द आता पाठ झालाय. हरकत आहे ती रेफरीच्या डोळ्यांवर, वयावर, पोटावर बोलण्याला, आणि समोरच्या पोरावर बोलण्याला तर त्याहून जास्त. गोंधळ घालणाऱ्या प्रेक्षकाला बाहेर काढायला रेफरी व्यवस्थापकाला सांगू शकतो, आणि तसं होताना पोर मॅटवरून बघत असतं.

रेफरी कोण असतो हेही जाणून घ्या. बहुतेक जण दिवसा दुसरी नोकरी करणारे, स्वतः कधीतरी कुस्ती खेळलेले लोक. एका शनिवारी सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच मॅटवर ओणवे होऊन ते कुस्त्या सोडवतात. 2018-19 ते 2021-22 या काळात सगळ्या खेळांचे मिळून सुमारे 50 हजार शालेय पंच काम सोडून गेले, असं एनएफएचएसनंच सांगितलं होतं. पालकांचं वागणं हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. पंच मिळाले नाहीत तर सामने रद्द होतात आणि नुकसान आपल्याच पोरांचं होतं.

महाराष्ट्रातलं ताजं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत उपांत्य फेरीत चितपटीच्या निर्णयावरून वाद पेटला आणि एका नामवंत मल्लानं पंचाला लाथ मारली. त्या दिवशीच्या गोंधळानंतर दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. खांदे टेकले होते की नव्हते यावर गावागावांत वेगवेगळी मतं आहेत, पण लाथ पडल्यावर त्या प्रश्नाचं उत्तर शोधायची कुणाला गरजच उरली नाही. त्या मल्लाची बाजू खरी असली तरी ती मांडायची जागा त्या लाथेनं घालवली.

पाचवी पायरी: पोराला आधीच सांगून ठेवा

हरल्यावर हेडगिअर फेकणं, हात न मिळवणं, रेफरीकडे बघून हातवारे करणं, शिवी पुटपुटणं. यातलं प्रत्येक खेळाला न शोभणारं वर्तन धरलं जातं आणि टीमचे गुण जाऊ शकतात. मारामारी किंवा तसलंच काही गंभीर केलं तर थेट बाद, टीमचे 3 गुण कमी, आणि बऱ्याच राज्यांत पुढच्या सामन्यांवरही बंदी येते.

घरी सराव करून घ्या, खरंच. "निर्णय चुकला तर काय करशील?" "कोचकडे बघेन, जागेवर उभा राहीन, शिटीची वाट बघेन." एवढंच. कुस्ती चालू असताना रेफरीकडे बघून "टेकडाउन!" म्हणत थांबलेलं पोर त्याच सेकंदाला खाली जातं, हे टेबलवरून नेहमी दिसतं.

परतीच्या गाडीत लगेच विषय काढू नका. पोटात अन्न जाऊ दे. त्यानं स्वतः काढला तर ऐका. "तुला लुटलं" हे वाक्य मात्र टाळा, कारण पुढच्या वेळी कष्ट कमी पडले तरी तेच उत्तर त्याच्या तोंडी येतं.

सामन्याआधीचे वाद: त्वचा, दोरे, भिकबाळी

आपल्या घरांत हे फार होतं आणि जवळपास सगळं टाळता येतं.

वजनाच्या वेळी त्वचा तपासली जाते. नायटा, फोड, एक्झिमाचा चट्टा दिसला की तपासणारा पोराला रोखू शकतो. तुम्ही "अहो, हे जन्मापासून आहे" म्हणालात तरी त्याला ते खरं मानता येत नाही. राज्याचा ठरावीक फॉर्म डॉक्टरांकडून भरून, सही घेऊन, वजनाच्या वेळी हातात हवा. नंतर आणून चालत नाही. आणि जागेवर नेमलेला डॉक्टर असेल तर तो तुमच्या डॉक्टरांचं मतही फिरवू शकतो. एक्झिमा असलेल्या मुलांच्या आई-बाबांनी ऑक्टोबरमध्येच डॉक्टरांची भेट घेऊन ठेवावी आणि फॉर्मवर लिहिलेली मुदत तपासावी.

दागिने चालत नाहीत. कानातलं, भिकबाळी, कडं, साखळी, सगळं काढायचं. धार्मिक पदक घालायचंच असेल तर ते टेपनं अंगाला चिकटवून कपड्याखाली ठेवायला परवानगी आहे. मनगटातला दोरा, गळ्यातला ताईत, जानवं यांचा प्रश्न मॅटवर उभं राहून सोडवू नका. मोसम सुरू होण्याआधी कोचला दाखवा, त्याला राज्य संघटनेकडून उत्तर मागवायला सांगा आणि ते उत्तर त्याच्या फाइलमध्ये राहू दे. समोरचा रेफरी आयुष्यात पहिल्यांदा जानवं बघत असतो, त्याला सामन्याच्या दोन मिनिटं आधी ठरवायला लावणं त्याच्यावरही अन्याय आहे.

सहावी पायरी: रेफरीचं वागणंच चुकलं तर

आतापर्यंत जे सांगितलं ते गिळून पुढे जाण्याबद्दल होतं. आता जे सांगते ते न गिळण्याबद्दल आहे.

रेफरी पोराला अपमानास्पद बोलला, नावाची, रंगाची, धर्माची थट्टा केली, नको तसा हात लावला, एकाच पोराला वेगळा नियम लावला, नशेत होता. हा नजरेचा निर्णय नाही, आणि याला "खेळात चालायचंच" म्हणू नका.

न्यू जर्सीतला 19 डिसेंबर 2018 चा प्रसंग प्रत्येक पालकाला माहीत हवा. ब्यूना रीजनल हायस्कूलच्या एका 16 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला रेफरीनं सांगितलं की तुझे केस आणि त्यावरचं आवरण नियमात बसत नाही. केस कापायचे, नाहीतर कुस्ती सोडून द्यायची, आणि ठरवायला 90 सेकंद. मॅटच्या कडेला, सगळ्यांसमोर, ट्रेनरनं कात्रीनं त्याचे ड्रेडलॉक्स (जटांसारख्या केसांच्या बटा) कापले. मुलगा कुस्ती जिंकला. त्याचा व्हिडिओ देशभर पोहोचला. राज्याच्या नागरी हक्क विभागानं चौकशी केली, आणि सप्टेंबर 2019 मध्ये त्या विभागाच्या आणि राज्य क्रीडा संघटनेच्या करारानुसार त्या रेफरीला दोन मोसमांसाठी दूर ठेवण्यात आलं. रेफरी आणि इतरांसाठी भेदभावाविषयी प्रशिक्षण ठरलं. बरोबर एका वर्षानं, 19 डिसेंबर 2019 ला, केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर न्यू जर्सीच्या गव्हर्नरनी सही केली. पुढे एनएफएचएसनं 2021-22 च्या मोसमापासून केसांच्या लांबीवरचं बंधनच काढून टाकलं.

त्या जिममध्ये मोठी माणसं कमी नव्हती. एकानंही पुढे होऊन "थांबा, आपण व्यवस्थापकाला बोलावू" म्हटलं असतं तर कात्री बाहेर पडली नसती, असं मला तो व्हिडिओ बघताना नेहमी वाटतं. म्हणून अशा वेळी कोचला सांगा: आमचा मुलगा आत्ता काहीही काढणार नाही, कापणार नाही. शाळेच्या अधिकाऱ्याला बोलवा. कुस्ती गेली तरी चालेल. हे वाक्य घरी आधी ठरवून ठेवा, म्हणजे 90 सेकंदांत शोधावं लागत नाही.

मग तक्रार. त्याच दिवशी, आठवण ताजी असताना लिहून काढा: तारीख, जागा, मॅट क्रमांक, बाउट क्रमांक, कुठली फेरी, घड्याळात किती वेळ, गुण किती, आणि रेफरीचे शब्द जसेच्या तसे. "तो उद्धटपणे बोलला" हे चालत नाही, काय बोलला ते हवं. कोणी ऐकलं त्यांची नावं. व्हिडिओ असेल तर मूळ फाइल जपून ठेवा, कापाकापी करू नका.

पहिला अर्ज कोचला आणि शाळेच्या अॅथलेटिक डायरेक्टरला (शाळेचा क्रीडाप्रमुख), दोघांना एकाच ईमेलवर. कुस्ती-पंचांच्या स्थानिक संघटनेकडे आणि राज्य क्रीडा संघटनेकडे तक्रार नेण्याचा अधिकार साधारणपणे शाळेचा असतो, पालकांचा नाही, म्हणून हा टप्पा ओलांडून जाऊ नका. ईमेलमध्ये शेवटी एवढंच विचारा की तुम्ही ही तक्रार पुढे कधी पाठवणार आणि मला कसं कळवणार. उत्तर आलं नाही तर प्रिन्सिपल, मग डिस्ट्रिक्टचे सुपरिंटेंडंट. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व यांवरून भेदभावाचा विषय असेल तर राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे पालक थेट जाऊ शकतात. मुलाला शारीरिक इजा किंवा लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर यातली कुठलीही पायरी बघू नका, आधी पोलीस. वसंतात क्लबमधून फ्रीस्टाइल खेळताना असं झालं तर ती स्पर्धा यूएसए रेसलिंग या राष्ट्रीय कुस्ती संघटनेची असते आणि तिथे अशा तक्रारी सेफस्पोर्ट केंद्राकडे (खेळातल्या छळाच्या तक्रारी बघणारी संस्था) जातात. शाळेच्या मोसमात ते केंद्र कामाचं नाही.

रेफरीला शोधून मेसेज करू नका, पार्किंगमध्ये गाठू नका, त्याचं नाव घालून पोस्ट टाकू नका. खरी तक्रार त्यानं कच्ची होते.

अर्जात निकाल बदलून मागू नका. हे सांगायला मला त्रास होतो, पण वागण्याच्या तक्रारीत "आणि त्या 3 गुणांमुळे आमचा मुलगा हरला" हे वाक्य आलं की वाचणारा ती हरलेल्या पालकाची तक्रार म्हणून बाजूला ठेवतो.

कोर्टात जावं का?

निर्णयासाठी, नाही. 1981 मध्ये जॉर्जिया राज्यात हायस्कूल फुटबॉलच्या एका सामन्यात पंचांनी नियम चुकीचा लावल्याचं संघटनेनंही मान्य केलं होतं. खालच्या कोर्टानं सामन्याचा उरलेला भाग पुन्हा खेळवायला सांगितला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला आणि मैदानावरच्या पंचांच्या निर्णयात न्यायालयं हात घालणार नाहीत असं स्पष्ट केलं. भेदभाव, इजा, बंदीची अन्यायकारक कारवाई या गोष्टी वेगळ्या. तिथे वकिलाचा सल्ला घेण्यात काही गैर नाही.

पंच व्हायचं असेल तर

तुम्ही किंवा घरातल्या कुणी कधी लाल मातीत किंवा मॅटवर अंग घातलं असेल, तर राज्य संघटनेकडे पंच म्हणून नाव नोंदवता येतं. अर्ज, नियमांची परीक्षा, पार्श्वभूमीची तपासणी, मग अनुभवी रेफरीबरोबर लहान मुलांच्या स्पर्धांपासून सुरुवात, असा साधारण क्रम असतो. मोसम नोव्हेंबरात सुरू होतो, म्हणून चौकशी उन्हाळ्याच्या शेवटी करावी. शाळेचा अॅथलेटिक डायरेक्टर स्थानिक पंच संघटनेतल्या माणसाचा नंबर आनंदानं देतो.